आधी टायर, मग रिम: ऑटोक्रॉस आणि ट्रॅकसाठी चाकं घेताना नागपूरची पोरं विचारतात ते प्रश्न

थंडी सुरू झाली की माझ्या फोनवर तेच मेसेज यायला लागतात, भाऊ कोणता टायर घेऊ, भाऊ ही रिम बसेल का, भाऊ हवा किती ठेवू. प्रत्येकाला वेगवेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं इथं टाकून ठेवतो. मी स्वतः स्विफ्ट चालवतो, साधी पेट्रोल, त्यामुळे उदाहरणं जास्त करून तिचीच येतील, पण हिशोब कोणत्याही गाडीला तोच लागतो.

ऑटोक्रॉस आणि ट्रॅक, दोन्हीला एकच टायर चालेल का?

सुरुवातीला चालेल. पण दोन्हीकडे टायरकडून काय काम करून घेतो ते वेगळं आहे हे आधी समजून घ्या. ऑटोक्रॉसमध्ये प्लास्टिकचे कोन लावून रस्ता आखलेला असतो, एका वेळी एकच गाडी, घड्याळावर वेळ मोजत, बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आणि एक रन मिनिटभरात संपतो. टायर गरम व्हायच्या आत रन संपलेला असतो, म्हणून तिथं असा टायर पाहिजे जो थंड असतानाच पकडतो. ट्रॅकवर उलटं. तिथं पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी पळते, सरळ पट्ट्यावरून जोरात येऊन ब्रेक, मग लांब वळण, परत जोर, आणि चौथ्या-पाचव्या लॅपला, म्हणजे फेरीला, टायर इतका तापतो की साधा टायर हात टेकतो, स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जात राहतं. तिथं उष्णता सहन करणारा टायर लागतो.

एक गोष्ट अजून. परदेशातले व्हिडिओ पाहून आपल्याला वाटतं ऑटोक्रॉस म्हणजे डांबरी पार्किंगमध्ये कोन लावून चालतं ते. अमेरिकेत तसंच आहे. पण आपल्या देशात ऑटोक्रॉस बऱ्याचदा मातीवर, मुरमाच्या मैदानावर होतं, आणि तिथं टायरचा सगळा हिशोबच पालटतो. त्यामुळे टायर घेण्याच्या आधी आयोजकाला पहिला प्रश्न हाच विचारा, जमीन कोणती आहे. मातीचं खाली वेगळं लिहिलंय.

१७ इंची अलॉय टाकू का? दिसायला भारी दिसतात.

दिसतात, मान्य. मी पण टाकले होते. वर्धा रोडवरून रात्री येताना एक खड्डा लागला आणि आतल्या बाजूनं रिमला तडा गेला, हवा हळूहळू जात होती आणि मला दोन दिवस वाटत राहिलं की पंचर आहे. ज्याच्याकडून घेतले त्यानं सांगितलं होतं की मजबूत आहेत, पण रिमवर आतून कुठंही लोडचा आकडा कोरलेला नव्हता आणि मी तेव्हा बघितलाही नाही. तो तडा ट्रॅकवर सव्वाशेच्या स्पीडला गेला असता तर काय झालं असतं याचा विचार आजही करतो.

आता कारणं. रिम मोठी झाली की बहुतेक वेळा जड होते, आणि ते वजन स्प्रिंगच्या खाली असतं, फिरणारं असतं. चाकाच्या बाहेरच्या कडेला वाढलेला एक किलो गाडी पळवताना जवळपास दोन किलोइतका जाणवतो, कारण तो पुढंही ढकलायचा आणि फिरवायचा पण असतो. आपल्या ८०-९० बीएचपीच्या गाड्यांना हे लगेच कळतं. शिवाय टायरची बाजूची भिंत बारीक होते, खड्ड्याचा मार थेट रिमला, आणि आपले रोड तुम्हाला माहितीच आहेत. मोठी रिम घ्यायचं एकच खरं कारण असतं, आत मोठा ब्रेक बसवलाय आणि छोटी रिम बसतच नाही. तो विषय स्विफ्ट-पोलोवाल्यांचा सहसा नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. कंपनीची रिम ठेवा, तोच पैसा चांगल्या टायरमध्ये घाला. जमलं तर रिम एक इंच लहान करा, हलकी घ्या, टायर स्वस्तात पडेल आणि गाडी जास्त चपळ होईल.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

१८५/६५ आर१५ ८८एच घ्या. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे २१० किमी ताशीपर्यंत, टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०. ट्रॅकवर जायचं असेल तर एचच्या खाली उतरू नका, जोरात पळवता म्हणून नाही, तर त्या टायरची बांधणी उष्णता जास्त सहन करते म्हणून.

यातूनच बाहेरचा व्यास काढता येतो आणि तो काढायलाच पाहिजे. १८५/६५ आर१५ चा येतो ६२१.५ मिमी. मागच्या पिढीच्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला येणारा १६५/८० आर१४ काढून बघा, ६१९.६. म्हणजे कंपनीनं दोन्ही जवळपास सारखे ठेवलेत, उगीच नाही. आता १५ च्याच रिमवर १९५/६० घेतला तर ६१५ होतो, एक टक्का फरक, काही त्रास नाही. १९५/५५ घेतला तर ५९५.५, म्हणजे चार टक्के कमी. गिअरिंग तेवढं छोटं होतं, कोनमधून बाहेर पडताना गाडी उडी मारते, ऑटोक्रॉसला मजा येते, पण स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवेल, गाडी एक-सव्वा सेंटिमीटर खाली बसेल आणि हायवेला इंजिन जास्त ओरडेल. रोजच्या गाडीला मी एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही.

रिमची रुंदी पण बघा. १९५/६० चा टायर साडेपाच ते सात इंच रुंद रिमवर बसवायचा असतो. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की भिंत फुग्यासारखी बाहेर येते आणि वळणात टायर लोळतो, मग रुंदीचा फायदा कुठं राहिला.

मित्राच्या गाडीची रिम माझ्या गाडीला बसेल का?

चार गोष्टी जुळल्या तर. पहिली पीसीडी, म्हणजे नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्ट, आय२०, जुनी सिटी या सगळ्या ४x१००, पोलो-व्हेंटो ५x१००. दुसरी, मधलं भोक. स्विफ्टचं ५४.१ मिमी, सिटीचं ५६.१, पोलोचं ५७.१. बाजारातल्या अलॉयचं भोक मोठं असतं आणि मध्ये रिंग टाकून देतात. ही रिंग प्लास्टिकची असेल तर ट्रॅकवर ब्रेकच्या उष्णतेनं ती मऊ होऊन बसते, ॲल्युमिनियमची मागा. रिंगच नसेल तर ८० च्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंग करून करून थकतात.

तिसरी, ऑफसेट. रिमवर ईटी लिहून पुढं आकडा असतो. तो कमी झाला की चाक बाहेर येतं, रुबाबदार दिसतं, पण बेअरिंगवर ताण वाढतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग ओढतं. कंपनीच्या आकड्यापासून पाच-सात मिमीच्या आत राहा.

चौथीकडे कुणाचंच लक्ष नसतं, नट. मारुतीचा धागा १२x१.२५, ह्युंदाई आणि होंडाचा १२x१.५, दिसायला सारखे. आपले लोक पाना लावून जोर देऊन बसवतात आणि स्टडचे, म्हणजे नट ज्याच्यावर बसतो त्या खिळ्याचे, आटे जातात. फोक्सवॅगनला तर नट नाहीतच, बोल्ट आहेत १४x१.५ चे, आणि त्यांची बैठक गोल असते, बाजारातल्या बऱ्याच अलॉयची तिरपी असते. गोल बोल्ट तिरप्या बैठकीत बसला की कडेवर टेकतो आणि गरम-थंड होता होता ढिला होतो. यात चूक म्हणजे चाक निघून जाणं, म्हणून दुकानदार चालते म्हणाला तरी स्वतः बोल्ट हातात घेऊन बघा.

मग टायर कोणता?

इथं थोडं लांब लिहितो. टायरच्या भिंतीवर ट्रेडवेअर नावाचा आकडा कधी कधी असतो. ही अमेरिकन पद्धत आहे, १०० ला आधार मानून टायर किती टिकेल ते सांगते. साधा टुरिंग टायर ४००-५०० च्या आसपास असतो, तिकडचे ऑटोक्रॉसवाले २०० चे वापरतात, योकोहामाचा अ‍ॅडव्हान ए०५२ किंवा ब्रिजस्टोनचा आरई७१आरएस, आणि टोयोचा आर८८८आर तर १०० चा, जवळपास रेसचाच टायर. आकडा कमी म्हणजे रबर मऊ, पकड जास्त, आयुष्य कमी, एवढं ढोबळ मानून चाला. प्रत्येक कंपनी आपला आकडा आपणच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून भांडू नका.

अडचण अशी की जून २०२० पासून नव्या टायरची आयात सरकारनं रिस्ट्रिक्टेड यादीत टाकली, लायसन्सशिवाय येत नाही, शिवाय आयएसआयचा शिक्का लागतो. म्हणून वरची नावं यूट्यूबवर ऐकून दुकानात मागितली तर मिळणं कठीण, आणि कुणी कुठून तरी आणून दिला तर तारीख बघितल्याशिवाय हात लावू नका.

मग आपल्यासाठी काय उरतं? तुमच्या साईजमध्ये जो सगळ्यात स्पोर्टी रोड टायर मिळतो तो. सोळा इंच आणि वर असेल तर मिशेलिनचा पायलट स्पोर्ट घराण्यातला काही मिळतो का बघा. पंधरात निवड कमी आहे, तिथं मायलेजची जाहिरात करणारे टायर सोडा, त्यांचं रबर कडक असतं, रोडवर कमी अडून हलके फिरावेत आणि पेट्रोल वाचावं यासाठीच बनवलेले असतात. बाजूची भिंत बोटानं दाबून बघा, खांद्याची नक्षी मोठ्या सलग ठोकळ्यांची आहे का बघा, बारीक बारीक तुकडे असतील तर वळणात ते वाकतात आणि कडा तुटून पडतात. एमआरएफ आणि जेके रेसचे टायर बनवतात, पण ते रोडवर चालवायचे नाहीत.

आणि चारही टायर एकच घ्या. पुढं दोन भारी मागं जुने, असं करू नका. आपल्या गाड्या पुढच्या चाकावर चालतात म्हणून पुढचं झिजतं हे खरं, पण मागची पकड अचानक कमी असेल तर वळणात पाय उचलल्याबरोबर गाडी गरकन फिरते, नव्या माणसाला ते सावरत नाही.

हवा किती ठेवायची?

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न, आणि सगळ्यात फुकटात वेळ कमी करणारा. एक आकडा मागू नका, तो तुमचा तुम्हालाच शोधायचाय.

आधी उष्णतेचं गणित. सकाळी २५ अंशाला ३२ पीएसआय भरली आणि दुपारी ४५ झालं तर गाडी न हलवता ती ३५ होते. आपल्या मे महिन्यात हे रोज घडतं. ट्रॅकवर टायर ५० अंश तापला तर ३२ ची जवळपास ४० होते. म्हणून थंड हवेचा आकडा सांगून काही अर्थ नाही, महत्त्वाची आहे गरम हवा, म्हणजे सेशन संपवून गाडी आत आल्याबरोबर मोजलेली.

मी असं करतो. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर विसंबत नाही, स्वतःचं एक चांगलं गेज ठेवलंय, चारही चाकांना तेच. टायरच्या खांद्यावर, जिथं नक्षी संपून भिंत सुरू होते, तिथं खडूनं तीन ठिकाणी नक्षीपासून भिंतीपर्यंत जाणारी रेघ मारतो. खूप टायरवर तिथं छोटा त्रिकोण पण असतो, त्याच्यापर्यंत रबर जमिनीला लागलं पाहिजे. रन करून आलो की बघतो. खडू त्रिकोणाच्या पलीकडे भिंतीवर पण पुसला गेला तर टायर लोळतोय, हवा वाढवा. नक्षीकडचा खडू पण शाबूत असेल तर हवा जास्त झाली, दोन-दोन पीएसआय काढा. स्विफ्टच्या साध्या टायरला पुढं गरम असताना ३६-३७ ला मला बरं वाटलं, कारण साध्या टायरची भिंत मऊ असते, तिला हवेचा आधार लागतो. तुमचं वेगळं येईल.

ऑटोक्रॉसमध्ये टायर तेवढा तापत नाही म्हणून थंडच जरा जास्त भरावी लागते. गाडी वळतच नाही असं वाटलं तर मागच्या चाकात दोन-तीन पीएसआय वाढवून बघा, मागची बाजू जरा मोकळी होते आणि नाक आत येतं. एका वेळी एकच बदल. आणि वहीत लिहा, तारीख, वेळ, ऊन किती, थंड किती, गरम किती. माझी वही तीन वर्षांची आहे आणि कोणत्याही अलॉयपेक्षा मला ती जास्त कामाची वाटते.

भिंतीवर जो मॅक्स प्रेशर लिहिलेला असतो त्याच्या वर कधीच नाही. आणि संध्याकाळी घरी निघायच्या आधी, टायर पूर्ण थंड झाल्यावर, हवा परत दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याला आणा. गरमीत काढलेली हवा तशीच ठेवून हायवेला लागणं सगळ्यात धोकादायक, कमी हवेचा टायरच जास्त तापून फुटतो.

नायट्रोजन भरू का?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा एवढाच की त्यात ओलावा नसतो, म्हणून गरम झाल्यावर आकडा जरा ठराविक वाढतो. फुकट मिळत असेल तर भरा. त्यासाठी गावभर फिरू नका.

मातीवरच्या ऑटोक्रॉसला काय लावू?

इथं वरचं अर्ध विसरा. मुरमावर अरुंद टायर आणि उंच भिंत बरी, टायर वरचा भुसभुशीत थर कापून खालच्या कडक जमिनीला लागतो. रुंद टायर वर तरंगतो. दगड असतात म्हणून भिंतीला जीव पाहिजे. आणि लोखंडी रिम लावा, मनापासून सांगतो. लोखंडी रिम वाकते, हातोड्यानं सरळ करून त्याच दिवशी परत धावता येतं, अलॉय तडकते आणि दिवस संपतो. खालच्या मॉडेलच्या १४ इंची लोखंडी रिमा जुन्या बाजारात सहज मिळतात, वरच्या मॉडेलवाल्यांनी त्या बसवताना फक्त ब्रेकला घासत नाहीत ना ते चाक हातानं फिरवून बघावं.

काळी माती असेल आणि पाऊस पडून गेला असेल तर मात्र कोणताच रोड टायर कामाचा नाही. आपली काळी माती नक्षीत भरते, दोन वळणात चाकाचा गुळगुळीत गोळा होतो. त्या दिवशी नाव मागं घ्या, पैसे गेले तरी चालतील.

जुने, घासलेले टायर वापरून संपवू का?

कोरड्या डांबरावर अर्धी झिजलेली नक्षी खरं तर नव्यापेक्षा बरी, ठोकळे उंच असले की वाकतात आणि लवकर तापतात. पण झिजलेला आणि म्हातारा यात फरक आहे. भिंतीवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीचा टायर लवकर कडक होतो. भिंतीला बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही असो, ट्रॅकवर नाही. १.६ मिमीच्या खाली गेलेला रोडवर पण चालत नाही, आणि पावसात तर तो पाण्यावर तरंगतो.

बाहेरचा खांदा एकाच दिवसात संपला, काय चुकलं?

बहुतेक हवा कमी होती, किंवा तुम्ही स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवून टायर रगडत होता. दोन्ही नसेल तर कॅम्बर, म्हणजे समोरून बघितल्यावर चाक आत-बाहेर किती कललंय ते. आपल्या गाड्यांना कंपनीकडून तो जवळपास शून्य असतो, वळणात गाडी झुकली की सगळं वजन बाहेरच्या कडेवर येतं. कॅम्बर बोल्ट टाकून थोडा निगेटिव्ह, म्हणजे चाकाची वरची कड आत कललेली, मिळतो, मग अलाइनमेंट नव्यानं. पहिल्या वर्षी याच्या मागं लागू नका. टायर आतून-बाहेरून उलटवून लावता येत असेल, म्हणजे दिशेचा बाण किंवा आउटसाइड असं लिहिलेलं नसेल, तर तसं करून अजून एक दिवस निघतो.

नवीन टायर समृद्धीवर एकदा टेस्ट करून घेऊ का?

नाही. हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी फोन करून सांगितलंय आणि इथं पण सांगतो. तिथं १२० ची मर्यादा आहे, सिमेंटचा सरळ रोड, उन्हात टायर तासन्तास तापत राहतो आणि टायर फुटून झालेले अपघात आपण सगळ्यांनी पेपरात वाचलेत. त्या रोडवर दुसऱ्यांची लेकरं-बाळं पण असतात. फुटाळ्यावर किंवा मिहानच्या रिकाम्या रोडवर रात्री पण नाही. नवीन टायर शंभर-दीडशे किलोमीटर शांतपणे चालवा म्हणजे वरचा गुळगुळीत थर निघून जाईल, एवढंच. पकड कुठं संपते ते बंद मैदानात शोधा, जिथं समोर फक्त प्लास्टिकचा कोन आहे.

इन्शुरन्स मिळतो का?

साध्या प्रायव्हेट कार पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर ठोकली तर खर्च आपला. रिम-टायरची साईज बदललेली असेल तर कंपनीला आधी कळवा, नंतर वाद नको.

नागपूरहून ट्रॅकवर जायचं तर टायर घालून जाऊ की घेऊन जाऊ?

आपण देशाच्या मध्यावर आहोत, म्हणून मोठे ट्रॅक सगळीकडून लांबच. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हजारेक किलोमीटर, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक त्याच्याही थोडा पुढं, कोईम्बतूरचा करी अजून लांब. मऊ टायर घालून तेवढं अंतर गेलं की अर्धा टायर एनएच ४४ खाऊन टाकतो. दुसरा सेट असेल तर मागची सीट पाडून चार चाकं आत बसतात, मी नेलीत. पट्ट्यानं घट्ट बांधा, मोकळं चाक ब्रेक मारल्यावर डोक्यात येतं.

ट्रॅक कोणता ते पण बघून घ्या. बुद्धला ५.१२५ किमीचा लॅप आणि एक किलोमीटरच्या वरचा सरळ पट्टा, तिथं टायरपेक्षा आधी साधे ब्रेक दम सोडतात, म्हणून ब्रेक फ्लुइड नवीन टाकूनच जा. करीचा लॅप छोटा, दोन किलोमीटरच्या आसपास, वळणावर वळण, तिथं पुढचे टायर जास्त तापतात, तीन-चार लॅप जोरात आणि एक हळू असं करा.

पहिल्या दिवशी सोबत काय ठेवू?

गेज, हवेचा छोटा पंप, खडू, वही, हेल्मेट, भरपूर पाणी, आणि टॉर्क पाना, म्हणजे नट ठरलेल्या जोरापर्यंतच आवळता येतो तो पाना. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, फोक्सवॅगनच्या १४ च्या बोल्टला १२० न्यूटन-मीटर असतो, मारुतीचा त्यापेक्षा कमी. पायानं पान्यावर उभं राहून आवळू नका, स्टड ताणला जातो. पहिलं सेशन झालं की शेवटचा लॅप हळू मारून आत या, हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा, नाहीतर मागचे तापलेले ब्रेक तसेच धरून बसतात. गरम हवा लगेच मोजून घ्या, मग दहा-पंधरा मिनिटं चाकं निवू द्या आणि प्रत्येक नट पान्यानं परत एकदा तपासा. नवीन अलॉय असेल तर एखादा नट हमखास थोडा फिरतो.